लाभ धरून मोजायचं की सोडून?

“बाई, तुम्ही कधी गणितात नापास झाला होतात का?”

द्वारकानं हे विचारलं आणि आठवीचा अख्खा वर्ग असा चिडीचूप झाला, की मागच्या खिडकीतून नदीवर धुणं आपटल्याचा आवाज आत आला. बाकाखालून नलूनं तिचा परकर ओढला. म्हणजे, बस खाली, पुरे झालं. हीच ती नलू! मघाशी मधल्या सुट्टीत चिंच चघळत हीच म्हणाली होती, “लई हिंमत आलीय नव्हं आजकाल तुझ्यात? मग इचार त्या पुन्याच्या बाईला. इचारलंस तर तुझं दप्तर उत्रोलीपतूर मी वाहीन.” आणि बेबीनं वर तेल ओतलं होतं, “न्हाई इचारायची ती. गणिताचा तास आला की ही गोगलगाय हुती.”

बेबी गोगलगाय म्हणाली, म्हणून तर विचारलं!

एरवी द्वारका कुणाच्या बापाला भ्यायची नाही. म्हणजे आधी भ्यायची, खूप भ्यायची; पण यंदाच्या स्नेहसंमेलनात भाषण करणारी मुलगी ऐन वेळी तापानं फणफणली आणि शाळेतल्या एका बाईंनी हाताला धरून द्वारकालाच स्टेजवर ढकललं. पहिली दोन वाक्यं तिची तिलाच ऐकू आली नाहीत. तिसऱ्या वाक्याला तिला शोध लागला की आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. झालं! तेव्हापासून ती थांबायचं नावच घेईना. शिपाईमामा, एसटीचा कंडक्टर, बाजारातला बांगडीवाला, समोर येईल त्याला ती काही ना काही विचारायचीच. आई म्हणायची, “हिला कंठ फुटला आन् आमचे कान फुटायची येळ आली.”

गणिताचं मात्र वेगळं होतं. तिथं कंठ, हिंमत, सगळं गळून पडायचं.

कारण द्वारकाचं उत्तर एकानं कमी यायचं. सगळ्याच गणितांत नाही. पाढे तिला तोंडपाठ होते, दीडाची दिडकीसुद्धा, आणि भागाकार तर ती झरझर करायची. पण मोजायची वेळ आली की घोळ. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत किती दिवस, या ओळीत किती खांब, इथून तिथवर किती आकडे, सगळीकडे एक कमी. यंदा वर्गात उणे संख्या शिकवल्या आणि पोरींना आयतंच नाव मिळालं. ‘उणे-एक’. ए उणे-एक, डबा आण. ए उणे-एक, पाणी प्यायला येतेस का? ती हसण्यावारी न्यायची. घरी गेल्यावर गोठ्यात म्हशीला टेकून रडायची.

आणि आता तर गळ्याशी आलं होतं. नववीला जाताना ठरवायचं होतं, गणित घ्यायचं की गणित सोडून आरोग्यशास्त्र घ्यायचं. मुलींना तशी मुभा होती आणि पुष्कळ जणी आनंदानं ती घ्यायच्या. आनंदराव सर, म्हणजे वर्गाचे गणिताचे सर, समजुतीनंच म्हणाले होते, “द्वारका, तू आरोग्यशास्त्र घे. उगाच मॅट्रिकला अडकशील.” घरी आईनं तर सरळ सांगून टाकलं होतं, “एकदा नापास झालीस की दप्तर खुंटीला. पुन्यांदा त्याच वर्गात बसवायला आमी काय जहागीरदार हाओत?” आबा, तिचे वडील, काही बोलले नव्हते. पण आबांचं न बोलणं म्हणजे आईला होच. सोमवारी सरांना विषय सांगायचा होता.

खरी पंचाईत वेगळीच होती. द्वारकाला गणित आवडायचं! हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पोहता येत नसलेल्यानं मला नदी आवडते म्हटलं तर लोक हसतीलच ना? आपल्या डोक्यात कुठंतरी एक खिळा ढिला आहे, देवानं ठोकायचा राहून गेलेला, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं.

तर अशी ही द्वारका उभी राहून, पुण्याच्या विद्यापीठातून आलेल्या ओव्हाळबाईंना, त्या गणितात नापास झाल्या होत्या का, ते विचारत होती. वर्गात मागच्या बाकावर आनंदराव सर बसलेले. त्यांच्या भुवया कपाळाच्या पार वर.

ओव्हाळबाई भोरात प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरासाठी आल्या होत्या. लहान मुलांना गणित कसं शिकवावं, हे त्या शिक्षकांना शिकवायच्या. आनंदराव सरांनी त्यांना एक तास आपल्या वर्गावर यायची गळ घातली होती. बाई उंच, सावळ्या, खादीची निळी साडी, आणि हात कोपरापर्यंत खडूनं माखलेले. पुण्याच्या बाईचे हात असे असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

बाईंनी खडू ठेवला. आणि मोठ्यानं हसल्या!

“नापास? अगं, नापास व्हायला आधी पटावर नाव लागतं. माझं नाव पटावरच नव्हतं!”

द्वारका उभीच.

“बस, बस. चांगला प्रश्न आहे. मी काही पुण्याची नाही, मी तुमच्याच अंगणातली. विंझरच्या पुढं डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली. आमच्या वेळी तिथल्या शाळेत आमच्या वस्तीतल्या मुलांना आत बसू देत नसत. मी ओसरीवर बसायचे, दाराशी.”

“का?” पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं आणि लगेच जीभ चावली.

“आम्ही आता बौद्ध आहोत. तेव्हा गाव आम्हाला वेगळ्या नावानं हाका मारायचं,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. “बाकीचं घरी आजीला विचार. तिला चांगलं आठवत असेल.”

पोरींची तोंडं उतरली.

“अगं पण तोंडं काय पाडता? गंमत पुढंच आहे. दाराशी बसलं की फळ्याची उजवी बाजूच दिसायची. डावी दाराच्या फळीआड. आमचे मास्तर गणित मांडायचे डावीकडे आणि उत्तर लिहायचे उजवीकडे. बोलायचं काम नाही. लिहून झालं की पानाला चुना लावत बसायचे. मग मला रोज काय दिसायचं?”

“उत्तर!” अख्खा वर्ग ओरडला.

“नुसतं उत्तर! फळ्यावर बारा. आता हे बारा आले कुठून? मी बसल्या बसल्या जुळवायचे. सात न् पाच? सहा दुणे? विसातून आठ गेले? आत एक गणित व्हायचं तोवर ओसरीवर माझी दहा व्हायची. पुढं रामभाऊ मास्तर बदलून आले. आले त्याच दिवशी त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, पटावर नाव चढवलं. पहिल्यांदा अख्खा फळा दिसला मला. आणि खरं सांगू? हिरमोड झाला! म्हटलं, एवढंच? एका उत्तराला एकच गणित?”

पोरी खो खो हसल्या. आनंदराव सरसुद्धा.

“शिकले, मग मार्गासनीला पहिलीच्या वर्गावर लागले. पोरं काहीबाही उत्तरं द्यायची आणि मला आपली जुनी खोड. हे उत्तर आलं कुठून? शोधल्याशिवाय जेवण गोड लागेना. त्याच खोडीनं मला विद्यापीठापर्यंत नेलं, दुसरं काही नाही. लोक बरोबर उत्तरं गोळा करतात, मी चुकलेली करते. आणि हो, नापास झालेय मी. बी.ए.ला, इंग्रजीत. हे मात्र शिबिरात सांगू नका हं कुणी.” मग त्या द्वारकाकडे वळल्या. “आता तुझं नाव सांग.”

“द्वारका.”

“उणे-एक,” मागून कुणीतरी पुटपुटलं. आणि हशा.

“काय म्हणाली ती?”

द्वारका खाली बघत राहिली. बेबीच उठली. तिला वाटलं, सांगून टाकलेलं बरं. “बाई, हिचं उत्तर एकानं कमी येतं. म्हणून.”

“कमीच? कधी जास्त?”

“न्हाई बाई. कमीच.”

“कधी दोननं?”

“न्हाई. एकनंच.”

बाईंचा चेहरा असा उजळला, की द्वारकाला वाटलं यांना कुणी जिलबी दिली की काय! आनंदराव सर मागून म्हणाले, “तशी हुशार आहे, बाई. पण मोजणीत घसरते. घाई करते.”

“घाईनं पडणारा कधी इकडं पडतो, कधी तिकडं,” बाई म्हणाल्या. “ही रोज एकाच जागी अडखळतेय, सर. म्हणजे तिथं काहीतरी आहे. द्वारका, इकडं ये पाहू. पुस्तकाच्या चौथ्या पानापासून वाचायला लागलीस आणि नववं पान संपवून थांबलीस. किती पानं वाचलीस?”

द्वारकानं मनात मोजलं. परत मोजलं. तेच आलं. “पाच.”

“सहाऽऽ!” वर्ग.

“तुम्ही थांबा गं. उत्तर मी विचारलंच नाही असं समजा. द्वारका, तू मोजलंस कसं? आत्ता मनात जे म्हणालीस ना, तेच मोठ्यानं म्हण. अक्षर न् अक्षर.”

असं तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. उत्तर चूक की बरोबर, एवढंच विचारायचे. तिनं बोटं पुढं केली आणि त्या स्टेजवरच्या आवाजात नाही, गोठ्यातल्या आवाजात म्हणाली, “चौथं पान लाभ. पाचवं एक. सहावं दोन. सातवं तीन. आठवं चार. नववं पाच.”

मग जो काही हशा उसळला!

“लाभ! भात मापतीया जनू!”

“अगं येडे,” नलूला राहवेना, “आमच्यात बी पयल्या मापाला लाभच म्हंत्यात. पर त्याच्या म्होरं दोन येतं! लाभ, दोन, तीन. लाभ म्हंजीच एक की!”

“आमच्यात न्हाई!” द्वारका फणकारली. आवाज आता आपोआपच शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “आमच्यात लाभाच्या म्होरं एकच येतं!”

बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग त्या चक्क पहिल्या बाकाच्या कडेवर बसल्या, द्वारकाच्या तोंडासमोर तोंड येईल अशा. “तुला मोजायला कुणी शिकवलं?”

“आज्यानं. चिमाजी आज्यानं. खळ्यावर.” आणि मग तिला थांबवणं कुणाच्या हातात होतं? भात झोडून झालं की रास घालायची. आजा अधोलीचं माप घेऊन बसायचा, ही त्याच्या मांडीवर, चार वर्षांचीही नसेल. पहिली अधोली भरली की आजा ती पोत्यात ओतायचा नाही, बाजूच्या टोपल्यात ओतायचा आणि म्हणायचा, लाभ! मागून ही बोबडी, लाभ! मग पोत्यात पहिली पडली की एक. “आजा म्हणायचा, पहिलं माप आपलं नसतं. ते धरायचं न्हाई. मग मी कधी धरतच न्हाई, बाई. काय बी मोजायचं असंल तर पहिलं आपलं बाजूला.”

“आणि ते टोपलं?”

“खळ्यावर जे येत्यात मागायला, त्यांचं.”

बाईंनी खडूचे हात एकमेकांवर झटकले.

“माझी आई जायची ते आणायला,” त्या म्हणाल्या. “आमच्या वाडीखालच्या दोन-चार खळ्यांवर अशीच मोजणी होती. त्यांच्या मोजणीतून जे सुटायचं ते आमच्या घरी यायचं. आई घरी येऊन तेच भात परत मापायला बसायची, वाटीनं. आणि आमचं एक तिथून सुरू व्हायचं. म्हणून मला दोन्ही मोजण्या माहीत आहेत गं, पोरी. नाहीतर मलाही नसतं कळलं.”

आपलं टोपलं कुणाच्या तरी घरी जातं हे द्वारका जाणून होती. ते घरी गेल्यावर तिथंही कुणीतरी लहान मुलगी मोजत असेल, हे कधी तिच्या मनातच आलं नव्हतं.

बाई उठल्या, पदर खोचला आणि फळ्यावर एक लांब रेघ मारली. मध्ये शून्य, उजवीकडे एक, दोन, तीन, डावीकडे उणे एक, उणे दोन, उणे तीन. “आता सगळ्यांनी. उणे तीनवर बोट ठेवा. पाच घरं उजवीकडे जा. कुठं पोचलात? लिहा, बोलू नका.”

पाट्या-पेन्सिलींचे दिवस केव्हाच संपले होते, पण सगळ्या पोरी पहिलीतल्यासारख्या जिभा बाहेर काढून वहीवर लिहायला लागल्या. बाई रांगांमधून फिरल्या. नलूचं उत्तर एक. बेबीचं एक. पुढच्या बाकावरच्या तिघींचं एक.

“नलू, मोज मोठ्यानं.”

नलू ऐटीत उठली. “उणे तीन एक, उणे दोन दोन, उणे एक तीन, शून्य चार, एक पाच. एकावर पोचले.”

“आणि द्वारका, तू?”

द्वारकानं वहीकडे बघितलं. तिचं वेगळंच आलं होतं. अर्थातच! सगळ्यांचं एक, हिचं दुसरंच काहीतरी. “माझं... दोन आलंय, बाई.”

“मोज.”

“उणे तीन लाभ. उणे दोन एक. उणे एक दोन. शून्य तीन. एक चार. दोन पाच.”

कुणीतरी फिसकन हसलं. पण मागच्या बाकावरून आनंदराव सर उभे राहिले होते. “दोन,” ते म्हणाले. “बरोबर आहे. दोनच.”

“सर?” नलूचा आ वासलेला.

“अगं, पाचातून तीन गेले तर किती? दोनच ना! तुम्ही सगळ्या जिथं उभ्या होतात ती जागाच मोजलीत. एकटी द्वारका बरोबर आहे.”

एकटी द्वारका बरोबर आहे! हे वाक्य तिनं कानात धरून ठेवलं, उडून जाऊ नये म्हणून.

“डोकं बिघडलेलं नाही तुझं,” बाई तिला म्हणाल्या, जणू गोठ्यातलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. “तू मोजायला कधी चुकलीच नाहीस. फक्त लाभ कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे तुला कुणी सांगितलं नाही. पानं मोजायची, दिवस मोजायचे, शेळ्या मोजायच्या, तर पहिली शेळीही शेळीच आहे. तिला सोडलीस तर ती लांडग्याची. तिथं लाभ धरायचा. पण एका जागेवरून दुसरीकडं जायचं असेल, तर तू उभी आहेस ती जागा काही चाललेली नाहीस. तिथं सोडायचा. आता बोल. रस्त्याकडेचे मैलाचे दगड मोजायचे?”

“धरायचा!” द्वारका.

“त्या दगडांमधलं अंतर?”

“सोडायचा!”

“पायऱ्या?” बेबी मधेच ओरडली, आणि मग वर्गात जो गोंधळ माजला त्याला काही सुमार राहिला नाही. एक म्हणे एसटीचे थांबे, एक म्हणे वेणीचे पेड, नलूला तर स्वतःची भावंडं मोजताना स्वतःला धरायचं की सोडायचं तेच कळेना. ज्या पोरी मघाशी लाभ म्हणून हसल्या होत्या त्याच आता बोटं नाचवत लाभ लाभ करत होत्या. पायाच्या तळव्यात खोल रुतलेलं कुसळ, ज्याच्यावर आपण वर्षानुवर्षं लंगडत चालतो आणि वाटतं की आपला पायच तसा आहे, ते कुणीतरी सुईनं अलगद काढलं तर कसं वाटेल? द्वारकाला तसं वाटत होतं. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं ते परकराला पुसलं. पुसताना कुणी बघितलं तर बघू दे!

तास सुटल्यावर आनंदराव सर व्हरांड्यात थांबले होते. “काय गं, इतकी वर्षं मोठ्यानं का नाही मोजलंस?”

“तुम्ही विचारलंच नाही, सर.” हे तिच्या तोंडून सुटलं आणि मग ती स्वतःच घाबरली.

सर रागावले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसत राहिले. “सोमवारपासून शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबत जा. सहावी-सातवीपासूनची सगळी गणितं पुन्हा बघू, कुठं धरायचं राहिलं ते. विषयाचं मात्र तू ठरव. आणि घरी विचारून.”

उत्रोलीच्या वाटेवर नलूनं दोन दप्तरं वाहिली, एक पाठीवर, एक डोक्यावर. सगळ्या वाटभर ती कुरकुरत होती, “दगडं भरलीस का गं ह्यात? आन् म्या म्हनलं हुतं उत्रोलीपतूर, म्हंजी गावाच्या शिवेपतूर. घरापतूर न्हाई.” द्वारका रिकामे हात हलवत पुढं. भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती, त्यांच्या बांधांवरून ती उड्या मारत चालली होती.

घरी आई, म्हणजे सरूबाई, अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. आबा घायपाताच्या वाखाचा दोर वळत बसले होते. एक टोक खुंटीला, दुसरं पायाच्या अंगठ्यात. द्वारकानं सगळं एका दमात सांगितलं. ओसरी, फळा, उणे तीन, एकटी द्वारका बरोबर, सगळं. आईनं सूप थांबवलं नाही.

“मंजे तुज्या आज्यानं चुकीचं शिकीवलं म्हन की.”

“न्हाई गं आये! आज्याचं बरोबरच हुतं. पोत्यात किती, ते आज्याला मोजायचं हुतं. पोत्यातलं बरोबरच मोजलं त्यानं. मीच ते सगळीकडं घेऊन फिरले.”

“त्या बाईला आपल्या लाभाच्या टोपल्याचं कसं ठावं?” आबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“त्यांची आई न्यायची, आबा. त्यांच्या गावच्या खळ्यावरनं.”

आबांच्या हातातला दोर थांबला. अंगठ्यातून सुटून वळलेला पीळ थोडा उलगडला. “आन् त्या आता विद्यापीठात?”

“व्हय. मास्तरांना शिकवत्यात.”

“हं,” आबा म्हणाले. मग बराच वेळ उलगडलेला पीळ पुन्हा वळत राहिले. “आपण त्या टोपल्यात काय पडतं ते कधी मोजलंच न्हाई,” ते स्वतःशीच म्हणाले.

“हे समदं खरं,” आईनं शेवटी सूप खाली ठेवलं. “पर एक तास गोड झाला म्हून मॅट्रिक हुत न्हाई, बाय. सरच म्हनलं हुतं ना, सोड म्हून? आरोग्य का काय ते घे. त्यात पोरी पटापटा पास हुत्यात. आन् नापास झालीस, तर म्या काय म्हनलंय ते ध्यानात हाय नव्हं?”

“हाय.”

“मग?”

द्वारका अंगणाच्या मधोमध उभी राहिली, जिथून आई आणि आबा दोघंही दिसतील. तिनं एकदा दोघांकडे नीट बघून घेतलं.

“आये, आबा, ऐका. मी गणित घेणार हाय. सोमवारी सरांना तसंच सांगणार. आये, तुझी अट मला कबूल हाय, नापास झाले तर एक शब्द बोलणार न्हाई. आन् मॅट्रिक झाल्यावर मला मास्तरीण व्हायचंय, पयलीच्या पोरांची, तेबी आत्ताच सांगून ठेवते. आनिक एक. सोमवारपासनं शाळा सुटल्यावर सर मला थांबवून घेणार हाएत, तवा सांजच्याला म्हशीचं शेण काढायला दुसरं कुणीतरी बघा.”